वीजकेंद्र केवढे असावे? स्वस्ताईचा खरा हिशेब

काही महिन्यांपूर्वी एक वृद्ध माता हातात विजेचे बिल घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. मुलगा व सून आखातात नोकरीस असल्याने त्यांच्या नव्या घराला वर्षभर कुलूप आहे. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तरीही दर महिन्यास बिल येते. "फादर, घर बंद आहे, मग हे पैसे कसले?" असा त्यांचा साधा व सरळ प्रश्न होता. बिलावर 'स्थिर आकार' असे शब्द छापलेले होते. वीज वापरा अथवा वापरू नका, तुमच्यासाठी तारा, रोहित्रे व यंत्रणा सज्ज ठेवण्याचा जो खर्च आहे त्याचा वाटा तुम्हास द्यावाच लागतो, असे आम्ही त्यांना समजावून सांगितले. त्यांचे समाधान झाले की नाही, हे आम्हास ठाऊक नाही. परंतु त्यांचा प्रश्न मात्र आमच्या मनात घर करून राहिला.

कारण नेमका हाच प्रश्न आपल्या राज्याने व देशाने गेली तीस वर्षे कोट्यवधी रुपयांच्या पातळीवर सोडवण्याचा प्रयत्न चालविला आहे. नैसर्गिक वायूवर चालणारी वीजकेंद्रे हा त्याचा ठळक नमुना होय. अशी केंद्रे लहान असावीत की मोठी? कोणत्या आकाराचे केंद्र स्वस्त पडते? हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे असे समजून आपण तो बाजूला सारतो. वस्तुतः ह्या निर्णयाचे मोल शेवटी आपल्या बिलातूनच वसूल होत असते. म्हणून प्रस्तुत लेखात ह्या हिशेबाची उकल करण्याचे आम्ही योजिले आहे.

मोठे ते स्वस्त, हे कितपत खरे?

मोठे केंद्र स्वस्त पडते, ही समजूत निराधार नाही. पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर तिच्यात आठपट पाणी मावते; परंतु तिच्या भिंतींना लागणारे साहित्य मात्र साधारण चौपटच लागते. यंत्रांचेही काहीसे असेच आहे. शिवाय लहान केंद्र असो वा मोठे, त्याला एक नियंत्रण कक्ष लागतो, एक रस्ता लागतो, एक वायुवाहिनी लागते व पाळीवर जवळपास तेवढीच माणसे लागतात. म्हणून क्षमता दुप्पट केली तर खर्च दुप्पट न होता साधारण दीडपट होतो, असा एक ढोबळ नियम कारखानदारीच्या अभ्यासकांत रूढ आहे.

हा नियम आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे कोणत्याही प्रत्यक्ष केंद्राचे नसून केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, 100 मेगावॉटचे केंद्र 700 कोटी रुपयांत उभे राहते. मग 200 मेगावॉटचे केंद्र 1,050 कोटींत, तर 400 मेगावॉटचे केंद्र 1,575 कोटींत उभे राहील. म्हणजे दर मेगावॉटमागे पहिल्याला 7 कोटी, दुसऱ्याला सव्वापाच कोटी व तिसऱ्याला 4 कोटींहूनही थोडे कमी. कागदावर मोठ्या केंद्राचाच विजय होतो.

आता ह्याच कागदाची दुसरी बाजू पाहावी. समजा, त्या प्रदेशाला प्रत्यक्षात 200 मेगावॉट वीजच हवी आहे, पण 'मोठे ते स्वस्त' ह्या न्यायाने 400 मेगावॉटचे केंद्र उभारले गेले. निम्मे केंद्र रिकामे बसले. खर्च झालेले 1,575 कोटी आता 200 मेगावॉटवरच वाटावे लागतील. उपयोगात आलेल्या दर मेगावॉटमागे जवळजवळ 8 कोटी! गरजेएवढे केंद्र सव्वापाच कोटींत झाले असते. इतकेच नव्हे, तर 100 मेगावॉटची दोन 'महागडी' केंद्रे 1,400 कोटींतच उभी राहिली असती. आकाराने वाचविलेला पैसा रिकामेपणाने खाऊन टाकला व वर थोडे कर्जही ठेवले. सारांश, केंद्राची किंमत त्याच्या पाटीवर लिहिलेल्या मेगावॉटने नव्हे, तर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या युनिटांनी भागायची असते. कुलूप लावलेल्या घराचा न्याय येथेही लागू पडतो.

वायूचा खर्च: आकारापेक्षा उष्णतेचा प्रश्न

केंद्र उभारण्याचा खर्च ही हिशेबाची एक बाजू झाली. वायूवरील केंद्रात दुसरी बाजू, म्हणजे इंधनाची, अधिक जड असते. वायूचा भाव दशलक्ष बीटीयू ह्या मापाने व बहुधा डॉलरमध्ये ठरतो. एवढ्या वायूत सुमारे 293 युनिट विजेइतकी उष्णता असते. परंतु ती सारी उष्णता विजेत उतरत नाही. साध्या वायू टर्बाइनमध्ये तिचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग विजेत येतो व बाकीचा धुराड्यावाटे आकाशात जातो. हा तप्त धूर वाया न घालवता त्याच्यावर पाण्याची वाफ केली व त्या वाफेवर दुसरे टर्बाइन फिरविले, तर त्याच वायूतून पुष्कळ जास्त वीज मिळते. ह्या जोडव्यवस्थेस कंबाइन्ड सायकल म्हणतात.

ह्याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळच, उरण येथे आहे. मुंबई हायचा वायू किनाऱ्याला लागतो त्या परिसरातच तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने 1982 पासून वायू विद्युत केंद्र उभारण्यास सुरुवात केली. आरंभीची 60 मेगावॉटची यंत्रे पुढे निवृत्त झाली. त्यांच्यानंतर 108 मेगावॉटची चार वायू टर्बाइने, म्हणजे एकूण 432 मेगावॉट, उभी राहिली. नंतर त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर प्रत्येकी 120 मेगावॉटची दोन वाफेची यंत्रे बसविण्यात आली व केंद्राची क्षमता 672 मेगावॉट झाली. ही वाढीव 240 मेगावॉट क्षमता वायूचा एकही अधिक घनमीटर न जाळता मिळालेली आहे. उरणचे केंद्र एका दिवसात झाले नाही. ते टप्प्याटप्प्याने, गरज व वायू पाहून वाढले, हेही येथे ध्यानात घ्यावे. मुंबईत ट्रॉम्बे येथे टाटा पॉवरचा 180 मेगावॉटचा वायूवरील संच आहे. आकाराने तो लहान, परंतु त्यातही 120 मेगावॉटचे वायू टर्बाइन व 60 मेगावॉटचे वाफेचे टर्बाइन अशी जोडी आहे. शहराच्या उंबरठ्यावर असल्याने त्याची वीज दूरवरून वाहून आणावी लागत नाही, हाही त्याचा एक लाभ.

मोठ्या यंत्रांची कार्यक्षमता अधिक असते, हे मान्य केलेच पाहिजे. फ्रान्समधील बुशँ येथील सुमारे 600 मेगावॉटच्या केंद्राने 2016 साली 62 टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठली, तर जपानमधील निशी-नागोया केंद्राने 2018 साली 63 टक्क्यांचा टप्पा ओलांडला. उलट काही मेगावॉटची छोटी टर्बाइने तीस टक्क्यांच्या आगेमागे राहतात. वायूचा भाव जितका चढा, तितका हा फरक अधिक बोचतो. डॉलरचा भाव 90 रुपये धरला, तर वायू एका डॉलरने महागल्यावर 60 टक्के कार्यक्षमतेच्या केंद्राची वीज युनिटमागे सुमारे 51 पैशांनी महागते. 30 टक्के कार्यक्षमतेच्या केंद्राची सुमारे एक रुपया दोन पैशांनी. म्हणजे वायू महाग असेल तेव्हा मोठे व कार्यक्षम केंद्र हवे. येथपर्यंत हिशेब सरळ आहे. मात्र व्यवहारात वायू महागला की ते मोठे केंद्रच प्रथम बंद पडते, असे का व्हावे? त्याचे उत्तर कोकणात आहे.

दाभोळचा धडा

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे, वाशिष्ठीच्या मुखाजवळ, जे केंद्र उभे आहे ते 'दाभोळ' वा 'एन्रॉन' ह्या नावाने आमच्या ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असेलच. 1993 च्या डिसेंबरात विद्युत मंडळाशी त्याचा वीजखरेदी करार झाला. पहिला टप्पा 695 मेगावॉटचा व दोन्ही टप्पे मिळून 2,015 मेगावॉटचे केंद्र, अशी योजना होती. त्याच वर्षी जागतिक बँकेने ह्या प्रकल्पास अर्थसाह्य देण्यास नकार दिला होता. राज्याच्या गरजेच्या मानाने हे केंद्र फार मोठे आहे व त्याची वीज महाग पडेल, असे तिचे मत होते. पुण्याच्या 'प्रयास' गटातील अभ्यासकांनीही कराराची चिरफाड करून हाच इशारा दिला होता. 1995 साली नव्या राज्य सरकारने करार रद्द केला व पुढच्याच वर्षी वाटाघाटी करून तो पुन्हा केला. ह्यावेळी क्षमता कमी न होता उलट वाढून 2,184 मेगावॉट झाली. मोठे म्हणजे स्वस्त, हाच युक्तिवाद पुन्हा उपयोगी पडला होता.

1999 च्या मे महिन्यात 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. द्रवरूप वायूचे टर्मिनल तयार नसल्याने तो नाफ्थ्यावर चालत होता व नाफ्था महागत चालला होता. कराराची मेख अशी होती की वीज घेतली नाही तरी केंद्र सज्ज ठेवल्याचा आकार मंडळाने भरावयाचा व तोही बहुतांशी डॉलरशी बांधलेला. वीज महाग म्हणून मंडळ कमी वीज घेई. कमी वीज घेतल्याने स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडे. त्यामुळे वीज आणखी महाग होई. हे दुष्टचक्र इतके फिरले की 2000 सालाच्या अखेरीस युनिटचा भाव 7 रुपये 80 पैशांपर्यंत गेल्याचे जाहीर झाले. 2001 च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले. दुसरा टप्पा जवळजवळ बांधून होत आला होता. डिसेंबरात एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत निघाली. माधव गोडबोले ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ह्या साऱ्या व्यवहाराची जी चिकित्सा केली, ती आजही वाचण्याजोगी आहे.

ह्यानंतर जे घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. केंद्र कुलूपबंद असतानाच राज्यात विजेचा तुटवडा वाढत गेला. 2005 च्या सुमारास ग्रामीण भागात भारनियमनाचे तास किती लांबले होते, मुलांनी परीक्षेचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात कसा केला, बागायतदारांनी रात्री-अपरात्री उठून पंप कसे चालविले, हे आपण अनुभवले आहे. दोन हजार मेगावॉटचे केंद्र किनाऱ्यावर उभे व गावे अंधारात! 2001 साली जी वीज 'नको एवढी' होती, तीच चार वर्षांनी 'हवी पण नाही' अशी झाली. मोठ्या केंद्राचा हा एक दोष आहे. ते एकदम व अखंड घ्यावे लागते. गरज पायरीपायरीने वाढते, केंद्र मात्र डोंगरासारखे एकाच वेळी पुढ्यात येते. लहान केंद्रे असती तर त्यांतली काही चालली असती, काही थांबली असती, एखाद्याचा करार फसला असता. सारेच्या सारे एका वादात अडकले नसते.

केंद्र आहे, वायू नाही

2005 साली एनटीपीसी, गेल व वित्तसंस्था ह्यांच्या सहभागातून 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही कंपनी स्थापन झाली व दुसऱ्या वर्षी केंद्र पुन्हा फिरू लागले. त्याची क्षमता 1,967 मेगावॉट धरण्यात आली. ह्यावेळी भिस्त होती ती आंध्र किनाऱ्याजवळील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूवर. 2009 साली तो वायू वाहू लागला आणि देशभर नव्या वायुकेंद्रांची लाट आली. पण काही वर्षांतच तेथील उत्पादन झपाट्याने घसरले व 2013 पर्यंत वीजकेंद्रांच्या वाट्याला त्यातले काही उरले नाही. 2015 साली देशातील 14,000 मेगावॉटहून अधिक क्षमतेची वायुकेंद्रे देशी वायूअभावी अडकून पडली होती. केंद्र सरकारला आयात वायूसाठी साहाय्याची योजना आणावी लागली. त्याच वर्षी रत्नागिरीचे केंद्र रेल्वेला वीज देण्यासाठी अंशतः चालू झाले. दोन हजार मेगावॉटच्या घरातील केंद्रापुढे पाचशेच्या आसपासचा ग्राहक!

आयात वायूचा भाव किती बेभरवशाचा असतो हे पुढील काळाने दाखविले. 2020 च्या महामारीत आशियाच्या बाजारात तो दशलक्ष बीटीयूला 2 डॉलरच्या आसपास उतरला होता. युक्रेन युद्धानंतर, 2022 च्या ऑगस्टात, तोच 50 डॉलरच्या वर गेला. अशा भावाने वीज करून ती कोण विकत घेणार? 2024 सालच्या कडक उन्हाळ्यात केंद्र सरकारने विद्युत कायद्यातील कलम 11 चा आधार घेऊन मे व जून ह्या दोन महिन्यांसाठी वायुकेंद्रे चालविण्याचा आदेश दिला. म्हणजे वर्षभर निजलेले केंद्र दोन महिन्यांसाठी जागे करावयाचे. येथे आमच्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. उत्तम कार्यक्षमतेचा लाभ केंद्र चालले तरच पदरी पडतो. व्याज, देखभाल व पगार मात्र केंद्र निजले असतानाही चालूच राहतात.

मग लहान केंद्र केव्हा बरे?

दिवसा सौरऊर्जा मुबलक मिळू लागल्याने वायुकेंद्रांचे काम आता बदलत आहे. सूर्य मावळल्यावर दिवे, पंखे व शेगड्या एकदम सुरू होतात. त्या दोन-तीन तासांची गरज भागविणे हे त्यांचे नवे काम. ह्या कामाचा हिशेब निराळा आहे. पुन्हा समजण्यासाठी आकडे धरू. मोठे कंबाइन्ड सायकल केंद्र दर मेगावॉटला साडेपाच कोटींचे व 55 टक्के कार्यक्षम; साधे, मध्यम आकाराचे टर्बाइन साडेतीन कोटींचे व 36 टक्के कार्यक्षम. भांडवलाचा वार्षिक भार 15 टक्के, वायू 10 डॉलर, डॉलर 90 रुपये. वर्षाला 7,000 तास चालविल्यास मोठ्या केंद्राची वीज युनिटमागे सुमारे पावणेसात रुपयांना पडते, साध्या टर्बाइनची सव्वानऊ रुपयांहून किंचित अधिक. मोठे केंद्र निर्विवाद सरस. परंतु वर्षाला 500 तासच चालवायचे असेल, तर मोठ्याची वीज 22 रुपयांना व साध्याची 19 रुपयांना पडते. वर्षाला सुमारे 1,000 तासांच्या, म्हणजे रोज पावणेतीन तासांच्या, आसपास दोन्ही पारडी समान होतात. त्याहून अधिक चालवायचे तर मोठे, त्याहून कमी चालवायचे तर साधे व लहान.

ह्यात एक तिसरा मार्गही आहे. जॉर्डनमध्ये अम्मानजवळ 2014 साली 573 मेगावॉटचे एक केंद्र उभे राहिले. त्यात एकही अवाढव्य यंत्र नाही; वायूवर व तेलावरही चालू शकणारी 38 इंजिने ओळीने मांडलेली आहेत. मागणी थोडी असेल तर थोडी इंजिने पूर्ण भाराने चालवावीत, बाकीची थांबवावीत. मोठे टर्बाइन अर्ध्या भाराने चालविले की त्याची कार्यक्षमता घसरते; येथे तसे होत नाही. एखादे इंजिन नादुरुस्त झाले तरी केंद्र थांबत नाही. तसेच एखाद्या मोठ्या रुग्णालयाने वा कारखान्याने स्वतःपुरते लहान वायू-इंजिन बसविले आणि त्याची उष्णता गरम पाण्यासाठी, वाफेसाठी वा शीतकरणासाठी वापरली, तर इंधनातील उष्णतेचा बहुतांश भाग कामी येतो. मात्र उष्णता फेकून देणारे लहान यंत्र हे महागडेच ठरते, हे विसरता कामा नये. लहानपण हा आपोआप गुण नव्हे; मोठेपणही नव्हे.

आपण काय विचारावे?

हा सारा प्रपंच आम्ही एवढ्यासाठी केला की उद्या पुन्हा कोणी एखाद्या प्रकल्पाची घोषणा करील व 'देशातील सर्वांत मोठे, म्हणून सर्वांत स्वस्त' असे सांगेल, तेव्हा आपण केवळ टाळ्या वाजवू नयेत वा केवळ निषेधही करू नये. आपण चार प्रश्न विचारावेत. हे केंद्र वर्षातून किती तास चालणार? त्याला लागणारा वायू कोठून व किती वर्षांसाठी बांधून घेतला आहे? तो महागला वा आटला, तर तोटा कोणी सोसावयाचा? आणि केंद्र बंद राहिले, तर त्याचा स्थिर आकार कोणाच्या बिलात जाणार?

हे प्रश्न विचारण्याची जागाही आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग 1999 साली स्थापन झाला. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग जाहीर सुनावणी घेतो व सामान्य ग्राहकालाही तेथे लेखी सूचना वा हरकत मांडता येते. दाभोळचा करार झाला तेव्हा असे व्यासपीठ राज्यात नव्हते. आज ते आहे, परंतु आपल्यापैकी कितीजण त्याचा उपयोग करतात? गावोगावच्या ग्राहक पंचायतींनी, महिला मंडळांनी व युवकांनी ह्या सुनावण्यांकडे लक्ष द्यावे, त्यांची कागदपत्रे मागवून वाचावीत, असे आम्ही आवर्जून सुचवू इच्छितो.

ज्या मातेने आम्हाला तो प्रश्न विचारला, तिच्या बिलावरील रक्कम फार मोठी नव्हती. मुलगा ती सहज भरू शकतो. पण ज्याच्या घरी एक दिवा व एक पंखा आहे, त्याच्या बिलातही कोठेतरी न चाललेल्या यंत्रांचे भाडे मिसळलेले असते आणि त्याला ते ठाऊकही नसते. कुलूप लावलेल्या घराचे भाडे घरमालकाने भरावे, हे न्याय्य आहे. परंतु कुलूप लावलेल्या वीजकेंद्राचे भाडे ज्याने ते कधी मागितलेच नाही त्याने भरावे, हे न्याय्य म्हणता येईल काय? केंद्राचा आकार ठरविणाऱ्यांनी ह्याचे उत्तर पायाभरणीपूर्वी द्यावयास हवे आणि ते मागून घेणे हे आपले काम आहे.